धुणं

मशीन बसवून झालं की पडद्यावर हिरवी खूण उमटावी लागते,
तेव्हाच कंपनी माझे पैसे सोडते.
नदीकाठचं पायसांदू, तिसरा मजला.
येर्बाचा कडू चहा नळीने ओढत
नेलिदा एचेगाराय म्हणाली,
"कपडे धुवायला याला माझी जन्मतारीख कशाला?"

मला तरी काय माहीत.
त्याने फोन नंबर मागितला, पत्ता, घरात माणसं किती,
आसपासचे आवाज ऐकायची मुभा.
अटी वाचत बसलो असतो तर दुपार गेली असती
आणि मला अजून दोन फ्रिज चढवायचे होते.
"नाही म्हटलं तर?"
"तर फक्त गार पाण्यात धुतं."
"पैसे गरम पाण्याचे घेतलेत," ती म्हणाली.

शेवटी कुत्र्याचं नाव घातलं.
तिसोन. पुरुष. जन्म एक जानेवारी एकोणीसशे.
तिसोन टेबलाखाली झोपला होता, त्याची हरकत नव्हती.
हिरवी खूण उमटली.
मी दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

पुढे तिसोनला पत्रं येत राहिली.
गुडघ्याचे पट्टे, कवळी चिकटवायची पेस्ट,
हप्त्यांवर अंत्यविधी, पहिला हप्ता माफ.
नेलिदा ती जिन्यात मोठ्याने वाचायची,
शेजारच्या ओफेलियाला हसून ठसका लागायचा.

एप्रिलमधलं पत्र तिने जिन्यात वाचलं नाही.
मला फोन केला : ये, नळी गळतेय.
नळी गळत नव्हती.
टेबलावर कागद होता :
प्रिय तिसोन, आता एकटेच राहता ना?
मोठं मशीन द्या, एकट्यापुरतं छोटं घेऊन जा.

एबेर मार्चात गेला होता. लेक तिचा.
कुठे, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
ओफेलियाच्या लेखी तो मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता,
दिवसा झोपतो, म्हणून दिसत नाही.
आणि दर गुरुवारी बाल्कनीत
त्याचा पांढरा ओव्हरऑल वाळत असायचाच की,
बादलीत बुचकळून टांगलेला,
दोन्ही पायांतून टपटप गळणारा.

आपली धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, म्हणतात.
हिची चव्हाट्यावरची दोरी तोंड मिटून होती.
बोललं ते दार लावलेलं मशीन.
किती किलो, किती वाजता,
पहाटे तीनला एकच उशीचा अभ्रा,
सगळं.

"नाव कुत्र्याचं होतं रे," ती म्हणाली,
"पण धुणं माझं होतं."

ग्राहकांच्या कचेरीत मी सोबत गेलो.
अर्ज मिळाला. ओळखपत्र क्रमांक, फोन नंबर,
घरात माणसं किती.
त्या रकान्यापाशी ती थांबली.
पुढचा रकाना : वस्तू चालते का?
चालते.
त्याच्या पुढचा : नुकसान किती, पेसोत लिहा.
खिडकीतला पोरगा सभ्य होता. म्हणाला,
टाका काहीतरी आकडा,
रिकामं ठेवलं तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही.
तिने पेनाला टोपण लावलं, पेन त्याला परत दिलं.

मी म्हटलं, वायफाय तोडून देतो, दोन मिनिटांचं काम.
"नको."
कोपऱ्यापर्यंत काही बोलली नाही.
मग पिशवी या हातातून त्या हातात घेत :
"आधी किती भरायचं वजन, मार्चाच्या आधी?"
तिच्याच फोनमध्ये होतं. चार किलो सहाशे.

आता ओव्हरऑल बादलीत जात नाही.
मशीनमध्ये जातो, सोबत टॉवेल,
एबेरचे शर्ट, न वापरलेले, धुतलेलेच,
चार किलो सहाशे भरेपर्यंत.
गरम पाण्यात. पैसे दिलेत ना.

जूनमध्ये तिसोनला पत्र आलं :
घरातल्या कष्टकरी पुरुषासाठी
पोलादी टोकाचे बूट,
त्रेचाळीस नंबर, निम्म्या किमतीत.

"एबेरचा एक्केचाळीस," ती म्हणाली,
आणि कागद मांडीवर तसाच धरून
कितीतरी वेळ हसत बसली.